किंग्ज: ट्रॉफी एक, रेकॉर्ड ढीगभर

गेल्या अंकात एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या टीमच्या मालकांबद्दल लिहिताना मी सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेत आणि ही टीम त्यांनी वाचवली असं एक वाक्य टाकलं होतं, आणि त्या एका वाक्यावर इतके मेल आलेत की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही अशी शंका यायला लागलीय. तर या वेळी आख्खा कॉलम किंग्जला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक मेल छाटलेत, रागावू नका.

प्रश्न (डोंबिवली): दादा, किंग्जचे जुने रेकॉर्ड बघायला गेलो तर कुठे रॉचेस्टर लिहिलंय, कुठे सिनसिनाटी, कुठे कॅन्सस सिटी. ही एकच टीम आहे का चार वेगवेगळ्या?

एकच आहे रे, फक्त एका गावात टिकली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये लेस हॅरिसन नावाचा माणूस ही टीम चालवायचा, तोच मालक आणि तोच कोच, टीमचं नाव रॉचेस्टर रॉयल्स. १९५७ ला बाडबिस्तरा गुंडाळून सिनसिनाटीला गेले, नाव तेच. १९७२ ला कॅन्सस सिटीला गेले, तिथं बेसबॉलची रॉयल्स नावाची टीम आधीपासून होती म्हणून यांनी नाव बदलून किंग्ज केलं, आणि सुरुवातीची वर्षं तर घरच्या मॅचेस कॅन्सस सिटी आणि ओमाहा अशा दोन शहरांत वाटून खेळायचे, नावातसुद्धा दोन्ही शहरं. मग १९८५ ला कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला आले ते आजपर्यंत तिथंच आहेत, अर्थात तिथूनही हलायची तयारी दोनदा झाली होती, ते खाली येतंय.

आता गंमत अशी की एनबीएत रेकॉर्ड फ्रँचायझीच्या खात्यावर चढतं, शहराच्या नाही. त्यामुळं टीमच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट कुणाचे तर ऑस्कर रॉबर्टसनचे, २२,००९, आणि तो सॅक्रामेंटोसाठी एकही मॅच खेळलेला नाही. जी एकमेव ट्रॉफी आहे ती पण रॉचेस्टरची, १९५१ ची. ती फायनल भारी झाली होती हां. रॉयल्सनी न्यूयॉर्क निक्सला पहिल्या तीन मॅच सलग हरवल्या, सगळे म्हणाले संपलं, आणि निक्सनी पुढच्या तिन्ही जिंकून ३-३ केलं. सातवी मॅच रॉयल्सनी ७९-७५ अशी काढली. बॉब डेव्हिस, जो पाठीमागून ड्रिबल करायचा त्या काळात, बॉबी वँझर आणि उंचापुरा आर्नी रायझन हे त्या टीमचे मुख्य खेळाडू, आणि त्याच टीममध्ये रेड होल्झमन पण होता, जो पुढं कोच होऊन निक्सलाच दोन टायटल मिळवून देणार होता. त्यानंतर आजतागायत ही टीम फायनलला पोचलेली नाही. सत्तर वर्षं उलटून गेली.

प्रश्न (कोल्हापूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): ऑस्कर रॉबर्टसनचं ट्रिपल-डबलचं रेकॉर्ड वेस्टब्रुकनं मोडलं. मग आता ऑस्करचं काय उरलं?

बरंच उरलंय. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, एका मॅचमध्ये पॉइंट, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो पास) या तिन्हीत दोन आकडी झालं की ट्रिपल-डबल. १९६१-६२ च्या सीझनला, सिनसिनाटीच्या जर्सीत, ऑस्करची आख्ख्या सीझनची सरासरी होती ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. त्या वर्षी ४१ ट्रिपल-डबल. आणि तो सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर नव्हता, बॉल घेऊन खेळ चालवणारा गार्ड होता, साडेसहा फुटाच्या आतला. तेव्हा कुणी फार आरडाओरडा पण केला नाही कारण असं मोजायची पद्धतच नव्हती, त्यात त्याच सीझनला विल्ट चेंबरलेननं मॅचमागे ५०.४ पॉइंट काढले होते, मग बाकी कोणाकडे कशाला बघतायत लोक.

रसेल वेस्टब्रुकनं २०१६-१७ ला ४२ ट्रिपल-डबल करून ते ४१ चं मोडलं, आणि मे २०२१ ला करिअरचं १८१ चं पण मोडलं. तुझा मुद्दा बरोबर आहे. पण ऑस्करच्या पहिल्या पाच सीझनची सरासरी एकत्र काढली तरी ती ट्रिपल-डबलच येते, हे मला त्या ४१ पेक्षा मोठं वाटतं. काही लोक म्हणतात तेव्हा खेळ फास्ट होता, शॉट जास्त मारायचे, जास्त चुकायचे, म्हणून रिबाउंड पण जास्त मिळायचे. ते पण खरंय, १२.५ रिबाउंड आजच्या हिशोबात कमी भरतील. पण असिस्टचं उलटं आहे, तेव्हा असिस्ट द्यायला स्कोअरर फार कंजूष असायचे, आज जे पास सहज असिस्टमध्ये धरतात ते तेव्हा धरत नसत, म्हणजे ते ११.४ आज वाढतीलच. फिट्टंफाट.

सिनसिनाटीत त्याला टायटल मिळालं नाही. १९६३ ला बोस्टन सेल्टिक्सशी सातव्या मॅचपर्यंत नेलं आणि हरले, १९६४ ला ऑस्कर एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम प्लेअर झाला आणि पुन्हा बोस्टननंच घरी पाठवलं. शेवटी १९७० ला टीमनं त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी तिथं तो चॅम्पियन. रॉयल्सच्या चाहत्यांचं काय झालं असेल.

आणि कोर्टवरच्या खेळापलीकडची त्याची एक गोष्ट, जी आजच्या प्रत्येक प्लेअरच्या पगारात आहे. तो प्लेअर्स युनियनचा अध्यक्ष होता आणि १९७० ला त्याच्या नावानं लीगवर खटला भरला गेला, कारण तेव्हा काँट्रॅक्ट संपलं तरी प्लेअर टीमच्याच ताब्यात राहायचा, स्वतःच्या मर्जीनं दुसरीकडे जाता यायचं नाही. १९७६ ला तडजोड झाली आणि तिथून फ्री एजन्सीचा रस्ता मोकळा झाला. आज समरमध्ये कोण कुठं चाललाय यावर आपण रात्र रात्र जागतो ना, ती चैन या केसमुळं.

प्रश्न (नाशिक): एकाच सीझनला पॉइंट आणि असिस्ट दोन्हीत पहिला येणारा टायनी आर्चिबाल्ड एकटाच, असं सगळीकडे लिहितात. पण ट्रे यंगनंही केलंय की!

दोघंही बरोबर. ट्रे यंग २०२१-२२ ला एकूण पॉइंट आणि एकूण असिस्ट दोन्हीत वर होता, पण लीगचा किताब मॅचमागच्या सरासरीवर ठरतो आणि त्यात तो पहिला नव्हता. नेट ‘टायनी’ आर्चिबाल्डनं १९७२-७३ ला कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्जकडून ३४.० पॉइंट आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी ठेवली आणि दोन्हीत तोच पहिला. आपल्या भाषेत ऑरेंज कॅप आणि पर्पल कॅप एकाच डोक्यावर. एवढं करून टीम ३६ जिंकली, ४६ हरली आणि प्लेऑफला गेलीच नाही, जे अगदी किंग्जला शोभेल असंच झालं.

प्रश्न (सातारा, निवृत्त शिक्षक): एनबीएमध्ये ‘ट्वायमन-स्टोक्स’ नावाचं एक पारितोषिक सर्वोत्तम सहकारी खेळाडूला देतात असे वाचनात आले. हे गृहस्थ कोण? त्यांचा या संघाशी काही संबंध आहे काय?

सर, संबंध आहे, आणि या टीमबद्दल मला एकच गोष्ट सांगायला दिली असती तर मी हीच सांगितली असती.

मॉरिस स्टोक्स आणि जॅक ट्वायमन, दोघं १९५५ ला एकदमच रॉचेस्टर रॉयल्समध्ये आले. स्टोक्स कृष्णवर्णीय, ट्वायमन गोरा, दोघंही पिट्सबर्गच्या बाजूचे. स्टोक्स साडेसहा फुटाच्या वरचा, धिप्पाड, पण बॉल गार्डसारखा न्यायचा, पास द्यायचा, आणि रिबाउंड तर विचारू नका, पहिल्याच सीझनला रूकी ऑफ द इयर आणि १९५६-५७ ला त्यानं १,२५६ रिबाउंड घेतले, तोपर्यंत एका सीझनला एवढे कुणीच घेतले नव्हते. तीन सीझन खेळला, तिन्ही वेळा ऑल-स्टार.

१२ मार्च १९५८. रेग्युलर सीझनची शेवटची मॅच, मिनीॲपोलिसला. बास्केटकडे जाताना स्टोक्स पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध गेली. शुद्धीवर आणला आणि परत खेळायला पाठवला. तेव्हा डोक्याच्या माराकडे कोण लक्ष देत होतं. तीन दिवसांनी डेट्रॉइटला प्लेऑफची मॅच पण खेळला, आणि परतीच्या विमानात त्याची तब्येत एकदम बिघडली, कोमात गेला. कोमातून बाहेर आला तेव्हा डोकं शाबूत होतं, समजत सगळं होतं, पण अंग हलत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. वय २४.

टीमकडून असल्या खर्चाची सोय नव्हती, आजच्यासारखे विमे वगैरे काही नाही, घरचे पिट्सबर्गला, बिलं वाढत चाललेली. तेव्हा ट्वायमन पुढं आला आणि कोर्टात जाऊन त्याचा कायदेशीर पालक झाला. स्वतः २३ वर्षांचा होता हा मुलगा. त्यानं स्टोक्सला कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मिळवून दिली, आणि दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या कॅट्स्किल डोंगरातल्या एका रिसॉर्टवर मदतीची मॅच भरवायला लागला, तिथं लीगमधले मोठमोठे प्लेअर येऊन खेळायचे. सुरुवातीला दोघांचं बोलणं कसं चालायचं बघा, ट्वायमन एकेक अक्षर म्हणत जायचा आणि बरोबर अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा, असे शब्द जुळवायचे. खूप वर्षांच्या व्यायामानं बोटं हलायला लागली तेव्हा स्टोक्सनं टाइपरायटरवर पहिला मजकूर काय टाइप केला तर जॅक, तुझे आभार मी कसे मानू.

हे दोन-चार महिने नाही, स्टोक्स १९७० ला वारला तोपर्यंत चाललं. ३६ वर्षांचा होता. आणि तरी ट्वायमन थांबला नाही, स्टोक्सला हॉल ऑफ फेममध्ये घ्या म्हणून मागे लागला होता, ते २००४ ला झालं आणि तो सन्मान स्टोक्सच्या वतीनं ट्वायमननंच घेतला. २०१२ ला ट्वायमन गेला आणि २०१३ पासून ते पारितोषिक सुरू झालं. १२ नंबर स्टोक्सचा, २७ ट्वायमनचा, दोन्ही जर्सी किंग्जनी रिटायर केल्यात, म्हणजे ते नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत.

एक राहिलं. यात लोक विसरतात की ट्वायमन स्वतः तुफान खेळायचा. स्टोक्सचा खेळ थांबल्यावर टीम पार ढेपाळली, पुढच्या दोन्ही सीझनला १९-१९ मॅच जिंकल्या फक्त, आणि तशा टीममध्ये १९५९-६० ला याची सरासरी ३१.२ पॉइंट. सीझनभर तिसाच्या वर सरासरी त्या वर्षापर्यंत लीगमध्ये कुणाचीच नव्हती, त्या वर्षी दोघांची झाली, एक विल्ट चेंबरलेन आणि दुसरा हा. दिवसा हॉस्पिटल, कागदपत्रं, पैशाची जमवाजमव, आणि संध्याकाळी हे.

प्रश्न (ठाणे): एका मॅचमध्ये किंग्जकडून सगळ्यात जास्त पॉइंट कुणाचे? मी म्हणतो डीमार्कस कझिन्स, ५६. मित्र म्हणतो फॉक्स. पार्टी लागलीय.

पार्टी तू दे. कझिन्सचे ५६ जानेवारी २०१६ चे, ते सॅक्रामेंटोत आल्यानंतरच्या काळातले तेव्हा सगळ्यात जास्त होते. पण आख्ख्या फ्रँचायझीचं रेकॉर्ड वर सांगितलेल्या जॅक ट्वायमनचं, जानेवारी १९६० ला मिनीॲपोलिस लेकर्सविरुद्ध ५९. ते चौसष्ट वर्षं टिकलं आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला डी’ॲरन फॉक्सनं ६० मारून मोडलं, समोरची टीम परत मिनेसोटाचीच, टिंबरवुल्व्हज. आणि ६० मारून किंग्ज ओव्हरटाइममध्ये हरले, १३०-१२६.

प्रश्न (पुणे, बऱ्याच जणांनी विचारलेला): २००२ ला लेकर्सविरुद्ध किंग्जना रेफरींनी लुटलं का? खरं काय ते एकदा सांगूनच टाका.

मला माहीत होतं हा येणार.

२००१-०२ ची किंग्ज टीम ही सॅक्रामेंटोनं बघितलेली सगळ्यात देखणी टीम, ६१ जिंकल्या २१ हरल्या, लीगमध्ये पहिला नंबर. रिक ॲडलमन कोच. क्रिस वेबर, जो १९९८ ला मिच रिचमंडला देऊन आणला होता (रिचमंडनं पडत्या काळात सात सीझन एकट्यानं टीम ओढली, प्रत्येक सीझनला वीसच्या वर सरासरी, आणि टीम चांगली व्हायच्या तोंडावर त्याला घालवला). व्लाडे डिवाक, सेंटर असून पॉइंट गार्डसारखे पास देणारा. पेजा स्टोयाकोविच, ज्याचा हात एकदा बसला की थ्री-पॉइंटर मोजायचं काम फक्त राहायचं. माइक बिबी, डग क्रिस्टी, बेंचवरून बॉबी जॅक्सन. बॉल जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. आणि घरचं मैदान आर्को अरेना म्हणजे कानठळ्या, त्यात लेकर्सचा कोच फिल जॅक्सन यानं सॅक्रामेंटोला गावंढळ म्हणून हिणवलं म्हटल्यावर पब्लिक गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन यायला लागलं आणि लेकर्सच्या बेंचमागं वाजवायला लागलं.

वेस्टर्न फायनलला, म्हणजे पश्चिमेकडच्या टीमच्या फायनलला (चार मॅच आधी जिंकेल तो एनबीए फायनलला), समोर शॅक (शकील ओनील) आणि कोबी ब्रायंटचे लेकर्स, दोन वर्षांचे चॅम्पियन. किंग्ज २-१ पुढं. चौथी मॅच लॉस एंजेलिसला, किंग्ज २४ पॉइंटनं पुढं होते, तिथून आघाडी घसरत घसरत ९९-९७. शेवटचे सेकंद. कोबीचा शॉट चुकला, शॅकचा पण चुकला, आणि डिवाकनं बॉल लांब जावा म्हणून हातानं बाहेर ढकलला तो सरळ थ्री-पॉइंट लाइनवर उभ्या रॉबर्ट हॉरीच्या हातात. बझरबरोबर थ्री. १००-९९. ३-१ व्हायचं ते २-२ झालं. डिवाकनं चूक केली असं मी म्हणणार नाही, त्या गर्दीत कुणीही तेच केलं असतं.

पाचवी किंग्जनी ९२-९१ जिंकली, बिबीचा शेवटचा शॉट. मग सहावी, जिच्यावरून आजपर्यंत भांडणं चालतात. लेकर्स १०६-१०२ जिंकले आणि नुसत्या चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांना २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) मिळाले. सत्तावीस, बारा मिनिटांत. डिवाक आणि स्कॉट पोलार्ड दोघंही सहा फाउल होऊन बाहेर. वर कोबीचं कोपर बिबीच्या नाकावर बसलं, रक्त आलं, आणि कोबीला फाउल नाहीच. पुढं २००८ ला बेटिंगच्या गुन्ह्यात अडकलेला माजी रेफरी टिम डोनाही याच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात २००२ च्या अशाच एका मॅचबद्दल आरोप होते, नाव घेतलं नव्हतं पण वर्णन हिलाच जुळत होतं, लीगनं ते साफ फेटाळले आणि काही सिद्ध झालेलं नाही. तर रेफरिंग वाईट होतं का? वाईटच होतं, भयंकर वाईट. ठरवून केलं होतं का? तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही, आणि ओरडणाऱ्यांकडे पण नाहीये.

पण सहावीचं रडगाणं गाणारे सातवी विसरतात. सातवी सॅक्रामेंटोला होती. स्वतःचं घर, स्वतःचं पब्लिक, त्या घंटा. आणि किंग्जनी फ्री थ्रो किती टाकले, तीसपैकी सोळा. चौदा चुकवले! समोर कुणी अडवणारं नसतं तिथं. मॅच ओव्हरटाइमला गेली आणि ११२-१०६ हरले. त्या चौदामधले चार-पाच आत गेले असते तर ओव्हरटाइमच झाला नसता. लुटलं सहाव्या मॅचला, पण गमावली सातवी, एवढंच माझं म्हणणं आहे, आता मला शिव्यांचे मेल पाठवा.

पुढच्या वर्षी वेबरचा गुडघा डॅलसविरुद्ध प्लेऑफमध्ये गेला आणि तो पहिल्यासारखा कधीच खेळला नाही. संपलं तिथंच.

प्रश्न (औरंगाबाद): किंग्जच्या नावावर सगळ्यात लाजिरवाणं रेकॉर्ड कोणतं? जरा मजा येऊ द्या.

दोन आहेत, तुम्हीच निवडा. १९९०-९१ ला बाहेरच्या ४१ मॅचपैकी एक जिंकली. एक. आणि पुढच्या सीझनमध्ये ते लांबलं ते सलग ४३ बाहेरच्या मॅच हरेपर्यंत. पण त्याच सीझनला घरी २४ जिंकल्या होत्या, म्हणजे विमानात बसलं की काय व्हायचं देव जाणे.

दुसरं म्हणजे २००६ ते २०२३ मध्ये सलग १६ सीझन प्लेऑफ नाही, एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ कुठल्याच टीमचा नाही. त्यात २०१८ च्या ड्राफ्टला, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे प्लेअर निवडतात तिथं, दुसरा नंबर हातात असताना मार्विन बॅग्लीला घेतला आणि पुढच्याच नंबरवर गेला लुका डॉनचिच. यावर जास्त लिहिलं तर बीपी वाढतं.

बिल रसेल, ज्यानं प्लेअर म्हणून बोस्टनला ११ टायटल दिली, तोही १९८७-८८ ला इथं कोच होता. ५८ मॅचमध्ये १७ जिंकल्या आणि त्याला कोचिंगवरून काढलं.

प्रश्न (मुलुंड): रणदिव्यांनी टीम वाचवली असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे नक्की काय केलं? आणि मालक आपला माणूस म्हणून किंग्जला सपोर्ट करावा का?

२०११ ला अनाहाइमला जायचं घाटत होतं, ते टळलं. मग २०१३ ला जुन्या मालकांनी, मलूफ कुटुंबानं, सिॲटलच्या गटाला टीम विकायचं जवळपास ठरवलंच होतं. सॅक्रामेंटोचा मेयर तेव्हा केविन जॉन्सन, तो स्वतः एनबीएचा माजी ऑल-स्टार, त्यानं धावपळ करून स्थानिक खरेदीदार उभे केले आणि त्यांच्यात पुढं आले रणदिवे, जे तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्सचे छोटे भागीदार होते, सॉफ्टवेअरवाले, टिब्को कंपनी काढलेले. मालकांच्या मतदानात स्थलांतराच्या विरोधात २२-८ असा निकाल लागला आणि टीम राहिली. शहराच्या मध्यात नवीन अरेना २०१६ ला उघडलं. हे श्रेय त्यांचं आहेच, एकट्याचं नाही पण आहे.

पण टीम वाचवणं वेगळं आणि चालवणं वेगळं. त्या १६ पैकी शेवटचे ९ दुष्काळी सीझन यांच्या मालकीतले. २०१४ ला कोच माइक मलोनला सीझन अर्धवट असताना काढला, तोच मलोन २०२३ ला डेन्व्हरला चॅम्पियन करून गेला. कोच किती बदलले ते मोजायला बसू नका. २०२३ ला माइक ब्राउन एकमतानं कोच ऑफ द इयर ठरला, किंग्ज परत प्लेऑफला गेले, आणि डिसेंबर २०२४ ला त्यालाही काढला. आडनाव आपलं म्हणून सपोर्ट करायचा असेल तर खुशाल करा, पण मग जेवण झाल्यावर मॅच बघा, आधी नको.

प्रश्न (वरळी): २०१९ ला आमच्या घराजवळ डोममध्ये किंग्ज खेळले होते. ती मॅच रेकॉर्डमध्ये धरतात का? आणि किंग्जकडून कुणी भारतीय खेळलाय का?

धरत नाहीत, त्या प्रीसीझन होत्या. पण भारतातल्या पहिल्या एनबीए मॅचेस त्याच, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, समोर इंडियाना पेसर्स. पहिल्या मॅचला स्टँडमध्ये बहुतेक सगळी शाळकरी पोरं होती, तीन हजारांवर, आणि मॅच पण अशी रंगली की ओव्हरटाइमला जाऊन पेसर्स १३२-१३१ जिंकले. दुसरी १३०-१०६, ती विसरा.

भारतीय वंशाचा पहिला एनबीए प्लेअर किंग्जचाच, सिम भुल्लर, पंजाबी कुटुंबातला, कॅनडात वाढलेला, साडेसात फुटाला एक इंच कमी. एप्रिल २०१५ ला दहा दिवसांच्या काँट्रॅक्टवर घेतला, तीन मॅचमध्ये मिळून काही मिनिटं खेळला, एक बास्केट टाकली. आणि प्रिन्सपाल सिंग, हा मात्र पंजाबातलाच, २०२१ ला समर लीग (सीझनआधी नव्या पोरांना आजमावायची स्पर्धा) जिंकलेल्या किंग्जच्या टीममध्ये होता.

प्रश्न (नागपूर, नववीतली वाचक): दादा, मी शाळेच्या टीममध्ये पॉइंट गार्ड आहे. किंग्जची एक मॅच पूर्ण बघायची असेल तर कुठली बघू? जुनी नको, बोअर होतं.

तू २४ फेब्रुवारी २०२३ ची क्लिपर्सविरुद्धची बघ. किंग्ज जिंकले १७६-१७५, दोन ओव्हरटाइम. एनबीएच्या इतिहासात दोन्ही टीमचे मिळून यापेक्षा जास्त पॉइंट फक्त एकाच मॅचमध्ये झालेत, १९८३ च्या डेट्रॉइट-डेन्व्हरच्या. मलिक मंकनं बेंचवरून येऊन ४५ मारले, फॉक्सनं ४२. आणि तो वर आलेला वेस्टब्रुक, त्याची क्लिपर्सकडून ही पहिलीच मॅच. तू गार्ड आहेस ना, मग बॉलकडे कमी बघ आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटी पिछाडीवर असताना फॉक्स आणि सबोनिस दोघं मिळून काय करतात ते बघ, सबोनिस वर येऊन हातातून बॉल देतो आणि त्याच झटक्यात फॉक्सच्या माणसाला अडवतो, तेच तेच करतात आणि तरी समोरच्यांना सापडत नाही. प्रॅक्टिसला तुमच्या सेंटरबरोबर हेच करून बघ, दोघींना समजलं की मग थांबवणं अवघड असतं. सबोनिस म्हणजे डोमांटास सबोनिस, २०२३-२४ ला यानं सलग ६१ मॅच डबल-डबल (दोन गोष्टींत दोन आकडी) केले, केविन लव्हचं सलग ५३ चं मोडलं.

तुला सांगितलेल्या मॅचच्या सीझनपासून, म्हणजे २०२२-२३ पासून, किंग्ज जिंकले की अरेनावरून आकाशात जांभळा लेझर सोडतात, प्लेअर स्वतः बटण दाबतात. त्या सीझनच्या प्लेऑफला मग वॉरियर्सनी सातव्या मॅचला हरवलं, स्टेफ करीनं ५० मारले, ती बघू नकोस.

प्रश्न (पनवेल): मुलाला वाढदिवसाला किंग्जची जर्सी घ्यायचीय, त्याला फॉक्सची हवीय. मिळेल का?

मिळेल, स्वस्तात पण मिळेल, कारण फॉक्स फेब्रुवारी २०२५ ला सॅन अँटोनिओ स्पर्सला गेला. मुलाला आधी विचारून घ्या नाहीतर केक कापताना रडारड. कुणाचंच नाव नको असेल तर ६ नंबरची बघा. तो नंबर किंग्जनी पब्लिकसाठी रिटायर केलाय, पाच प्लेअर कोर्टवर आणि सहावा माणूस स्टँडमधला म्हणून. सोळा वर्षं प्लेऑफ नसताना तिकीट काढून येत होते लोक, त्यांचा हक्कच आहे तो. साइझ एक नंबर मोठी घ्या, या जर्सी अंगाला घट्ट बसतात आणि पोरं वर्षभरात वाढतात.